नाण्याच्या कडेची खाच

दातांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत. ते तोंडात बघत, हं हं करत आणि माप घेत. ते माप मग खालच्या मजल्यावर येई आणि प्रत्यक्ष दात कवळीकाका करत. कवळी बरी बसली तर डॉक्टरांच्या हाताला यश, आणि टोचली तर खालच्या माणसाचं चुकलं, असा एकूण हिशेब होता. कवळीकाकांची त्याला हरकत नव्हती. अडतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं आणि अर्धं गाव त्यांच्या दातांनी हसत होतं. आपल्याला बघून कुणी मनापासून हसलं, तर त्यांची नजर आधी हिरड्यांवर जायची. बायको म्हणायची, "लोकांशी बोलताना डोळ्यांत बघावं माणसानं."

खालच्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत प्लास्टरची पांढरी धूळ, जबड्यांचे साचे आणि प्रत्येक साच्याखाली रुग्णाच्या नंबराची चिठ्ठी. दुसरीत भट्टी, पॉलिशचं यंत्र आणि खिडकीपाशी तीन वर्षांपूर्वी घेतलेला सूक्ष्मदर्शक. तो दाताची टोपी कडेला नीट बसते की नाही ते बघायला होता. पण काका त्याखाली दातांइतकीच नाणीही बघत, कारण जुनी नाणी हा त्यांचा दुसरा धंदा. धंदा म्हणायचं एवढंच, त्यात मिळकत शून्य. कुणाला शेतात, भिंतीत, आजीच्या पेटीत काही सापडलं की माणूस डॉक्टरांच्या जिन्याकडे न वळता सरळ खाली यायचा. काका बघून सांगत. चुकून कधी 'माहीत नाही' म्हणत, पण ते फार क्वचित, आणि म्हणताना त्यांचा चेहरा दात उपटल्यासारखा व्हायचा.

आलेल्या माणसाला ते आधी डावीकडचा खण उघडून एक चांदीचं नाणं हातात देत. "हे नकली आहे. मीच केलंय. आधी नकली बघा, मग असली कळेल." नाणं रुपयापेक्षा मोठं आणि जाड होतं. एका बाजूला तरुण माणसाचा चेहरा, कपाळाला पट्टी, कानाशी मेंढ्यासारखं वळलेलं शिंग. दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली देवी. काका सुईच्या टोकाने दाखवत, "हे केस बघा, कसे मऊ पडलेत. खरं नाणं ठशाने ठोकून पाडतात, त्याची रेघ कडक असते. हे साच्यात ओतलंय, म्हणून असं विरघळल्यासारखं दिसतं. आणि ही कडेची खाच मी कानशीने पाडलीय, म्हणजे कधी खऱ्याशी गल्लत नको." शाळेची पोरं यायची तेव्हा नाणं रांगेने फिरायचं. पोरं ते चावून बघायची, पँटला घासायची, एकदा तर एकाने ते गिळलं की काय म्हणून सगळ्यांचे खिसे उलटे करावे लागले होते. काका निवांत असत. नकली तर आहे.

खरं नाणं संग्रहालयात होतं. ते इतिहासाच्या सरांनी दिलेलं. त्यांच्या आजोबांनी बोटीवर नोकरी असताना कुठल्याशा बंदरातून आणलेलं ते नाणं सरांच्या घरात साखरेच्या डब्यापेक्षा जास्त हाताळलं जायचं. सर वर्गात आणत, पोरांना दाखवत आणि विचारत, "कोणाचं?" चेहरा बघून पोरं ओरडायची, सिकंदराचं. सर खूश व्हायचे, कारण उत्तर चुकीचं असायचं. "चेहरा सिकंदराचा. पण नाणं कोणाचं ते कुठे लिहिलंय? मागे बघा. उजवीकडे लिहिलंय, राजाचं. डावीकडे लिहिलंय, लायसिमॅकसचं. हा सिकंदराचा सरदार. मालक गेल्यावर राज्याचा तुकडा याच्या वाट्याला आला, पण आपला चेहरा लावायची छाती झाली नाही. म्हणून चेहरा धन्याचा आणि नाव स्वतःचं. चेहऱ्याला भुलू नका, नाव वाचा." कवळीकाकांच्या डोक्यात नाण्यांचं वेड शिरलं ते त्याच बाकावर.

पुढे ते कवळ्यांचं काम शिकायला लागले. बावीस वर्षांचे असताना एक दिवस सर कामाच्या जागी आले आणि म्हणाले, "हे मी संग्रहालयाला देतोय. पण वर्गात दाखवायला काहीतरी हवं. अगदी असंच एक करून देशील?" सरांनी काही मागावं आणि आपण ते करावं, याहून मोठी गोष्ट त्या वयात नसते. पोराने आठ दिवस खपून मेणाचा ठसा घेतला, साचा भरला, कवळी शेजारच्या दाताला अडकवायच्या आकड्यांसाठी वापरतात ती चांदीची मिश्रधातू ओतली, आणि जुनं दिसावं म्हणून गंधकाच्या पाण्यात काळपटवलं. दोन नाणी फडक्यावर शेजारी ठेवली तेव्हा त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

तेवढ्यात मालक आले. मालक म्हणजे तेव्हाचे कवळ्यांचे उस्ताद. त्यांनी दोन्ही नाणी उचलली, तळहातावर नाचवली, "अरे वा, यातलं खरं कुठलं?" म्हणाले, उत्तराची वाट न बघता फडक्यावर टाकली आणि फोन घ्यायला गेले.

आता खरं कुठलं ते पोरालाही कळेना.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्याला तेव्हा समजलं. वजन केलं तर दोन्ही सतरा ग्रॅमच्या आगेमागे. भिंगातून बघितलं तर दोन्हीवर तेच ओरखडे, कारण ओरखड्यांचाही ठसा उठला होता. शेवटी त्याला सरांनीच दिलेल्या पुस्तकातलं वाक्य आठवलं, की ओतीव नक्कल थंड होताना आकसते, म्हणून ती असलीपेक्षा केसभर लहान असते. त्याने मापणी लावली. एक खरंच केसभर लहान निघालं. जीव भांड्यात पडला. त्या लहान नाण्याच्या कडेला त्याने लगेच कानस फिरवून खाच पाडली, म्हणजे पुन्हा हा प्रसंग नको. मोठं नाणं सरांनी संग्रहालयाला दिलं. खाचेचं नाणं स्वतःकडे ठेवलं, आणि सर वारल्यावर त्यांच्या पत्नीने, काकूंनी, ते आठवण म्हणून कवळीकाकांना दिलं. मधल्या घोटाळ्याचं पोराने सरांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय, निस्तरलं होतं ना सगळं.

याला आता अडतीस वर्षं झाली होती.

संग्रहालयाचं नवं दालन शनिवारी उघडणार होतं. तिथे नव्याने आलेल्या अधिकारी बाई, उत्साही आणि नियमाच्या पक्क्या, बुधवारी सकाळी सरांचं नाणं एका डबीत घेऊन काकांकडे आल्या. जुन्या नोंदीची प्रतही सोबत होती. मधोमधच्या कपाटात हे नाणं, खाली सरांचं नाव, आणि समोरच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर काकू, असा बेत होता.

"तुम्ही नीट बघून ओळखपट्टी लिहून द्या," बाई म्हणाल्या. "राजा, काळ, दोन्ही बाजूंचं वर्णन, वजन, कुठे काही इजा असेल तर तीही. तुमच्याच अक्षरात लावणार आहोत. आणि पुढच्या महिन्यात धातू तपासायचं यंत्र येतंय. नाण्यावर धरलं की दहा सेकंदांत आतलं सगळं सांगतं."

"सांगू दे," काका म्हणाले. "सरांचं नाणं आहे ते."

"मला शंका नाही हो. आमच्या समितीतले खजिनदार आहेत ना, ते म्हणतात, मास्तराच्या घरात असलं नाणं येणार कुठून, आणि आलं तर तो देणार कशाला. एकदा तोंड बंद झालेलं बरं."

बाई गेल्यावर काकांनी हात धुतले आणि नाणं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. इतकी वर्षं काचेपलीकडून बघितलेलं नाणं आज प्रथमच पुन्हा हातात आलं होतं. ते चवीने लिहायला बसले. चेहरा उजवीकडे वळलेला, शिंग, पट्टी. मागे बसलेली अथेना, तळहातावर पंखांची छोटी विजयदेवी, ती राजाच्या नावावर माळ धरून उभी. पायाशी ढाल. ढालीचा काठ बघता बघता ते थांबले.

ढाल आणि आसन यांच्या बेचक्यात एक बारीक गोळी होती. मोहरीचा शंभरावा भाग म्हणा. गुळगुळीत, गोल, चांदीची.

बाकी कुणी ती पाहिली असती तर घाण म्हणून सोडून दिली असती. पण कवळ्या करणाऱ्या माणसाला ती गोळी ओळखायला पुस्तक लागत नाही. साच्याची भुकटी कालवताना हवेचा बुडबुडा मेणाला चिकटून राहिला, की त्या पोकळीत धातू शिरते आणि अशी गोळी होते. दाताच्या टोपीत ती आली तर टोपी बसत नाही, म्हणून काका आयुष्यभर रोज या गोळ्या शोधून खरवडत आले होते. ठोकून पाडलेल्या नाण्यावर ती येऊच शकत नाही.

त्यांनी नाणं उभं धरून कड बघितली. एका ठिकाणी कड जरा जास्तच सरळ होती. धातू ओतायची वाट तिथे कापली होती आणि घासून सारखी केली होती. कुणी घासली, ते त्यांना हाताच्या सवयीवरूनच कळलं.

मग त्यांनी डावीकडचा खण उघडला. त्यातलं नाणं त्यांनी कधीच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं नव्हतं. ओळखीच्या माणसाकडे कोण निरखून बघतो? आता ठेवलं. अक्षरांच्या बुडापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक बारीक रेषा दिसल्या, घाव बसल्यावर धातू बाहेर पळते तेव्हा उमटतात तशा. केस मऊ होते खरे. पण ते ओतल्यामुळे नव्हे. तेवीसशे वर्षं माणसांच्या बोटांनी ते झिजवले होते, आणि त्यात शेवटची बोटं शाळेच्या पोरांची.

मग पुस्तक चुकलं कुठे? पुस्तक चुकलं नव्हतं. धातू आकसते हे खरंच. पण दाताची टोपी आकसून कशी चालेल? म्हणून कवळीवाल्यांच्या साच्याची भुकटी मुद्दाम अशी असते, की तापल्यावर साचा तेवढाच फुगतो. पाणी कमी पडलं तर जरा जास्तच फुगतो. त्या पोराने सरांसाठी म्हणून भुकटी घट्ट कालवली होती. त्याची नक्कल असलीहून केसभर मोठी झाली होती. रोज आठ तास जे काम करायचं त्याचा पहिला नियम तो विसरला आणि दुसऱ्याच्या पुस्तकावर विसंबला.

काका स्टुलावर बसून राहिले. त्यांना सरळ सरळ लाज वाटली. मग भीती वाटली, आणि ती सरांसाठी होती. पुढच्या महिन्यात ते यंत्र नाण्याला टेकणार आणि दहा सेकंदांत कवळीची धातू दाखवणार. मग खजिनदाराला बोलायला तोंड फुटेल. मास्तरने असली घरात ठेवलं आणि नकलीवर नाव कोरून घेतलं. सर उत्तर द्यायला नाहीत. काकू पहिल्या खुर्चीवर.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "वीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर खणात पडलंय ते. मी एकदा त्याने रंगाच्या डब्याचं झाकण उघडलंय."

"तू?"

"नकली आहे म्हणालात ना. आता काय, बदलून टाका. डबी तुमच्याकडेच आहे. खरं आत ठेवा, खोटं खणात. कोणाला कळतंय?"

हा विचार काकांच्या मनात आला नव्हता असं नाही. सकाळपासून तोच फिरत होता. पण बाईंनी दिलेल्या जुन्या नोंदीत सरांच्या टपोऱ्या अक्षरात एक ओळ होती, 'कड पूर्ण, कुठेही खाच किंवा चीर नाही.' आणि खऱ्या नाण्याच्या कडेला, लख्ख दिसेल अशी, कानशीची खाच होती. आपल्याच हाताने केलेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे?

गुरुवारी सकाळी ते दोन्ही नाणी घेऊन काकूंकडे गेले. काकू चौऱ्याऐंशीच्या. डोळ्यांना आता उजेड आणि माणसांचे आकार एवढंच कळायचं, कान मात्र शाबूत. सरांच्या वह्या तपासायच्या टेबलापाशी त्या बसल्या होत्या. काकांनी बसल्या बसल्या सगळं सांगितलं, मालकांनी नाणी तळहातावर नाचवली तिथपासून. मध्ये एकदाही थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

काकू म्हणाल्या, "दोन्ही आणलीस?"

"आणलीत."

"फिरव टेबलावर. एकेक."

काका कचरले. जुन्या चांदीचं नाणं कोणी जाणकार टेबलावर आपटत नाही की फिरवत नाही, आतून ठिसूळ झालेलं असतं. पण इतक्या वर्षांत नाणं चावणारी, घासणारी पोरं आठवली आणि त्यांनी गुमान संग्रहालयातलं नाणं आधी फिरवलं. ते घरघर करत फिरलं आणि बसलं.

"हे कुठलं?" काकूंनी विचारलं. "हे आमच्या घरातलं नाही."

मग त्यांनी खाचेचं नाणं फिरवलं. त्याचा आवाज बारीक, स्वच्छ होता आणि तो नाणं थांबल्यावरही क्षणभर राहिला. काकूंनी हात पुढे करून ते टेबलावरच दाबून धरलं.

"वह्या तपासताना हेच फिरवायचे. लग्न झालं तेव्हापासून. मी म्हणायची, डोकं उठलं माझं, बंद करा. मग ते देऊन टाकलं म्हणाले, आता तू केलेलं आहे म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पुन्हा तोच आवाज. मला वाटलं, काय पोरगं आहे, आवाजसुद्धा हुबेहूब केला."

काकांनी संग्रहालयातलं नाणं उचलून डबीत ठेवलं.

"मला विचारायचं होतंस," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "तेव्हा सायकलवरून पाच मिनिटांवर होतो आम्ही. आला असतास, दोन्ही फिरवली असतीस, मी स्वयंपाकघरातून सांगितलं असतं."

"सरांना काय वाटेल म्हणून नाही आलो."

"काय वाटायचंय. हसले असते." त्यांनी अंगठ्याने कड चाचपली आणि खाच सापडल्यावर अंगठा तिथेच ठेवला. "ही नसती, तर गुपचूप बदललं असतंस का रे?"

काकांनी खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "बहुतेक बदललं असतं."

"मग बरं झालं पाडलीस. पण मला एक सांग. म्हणजे ते गेले तोवर खरं नाणं आमच्या घरातच होतं?"

"हो काकू."

"द्यायला निघाले तेव्हा रात्रभर झोपले नव्हते," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ त्यांनी नाणं सोडलं नाही.

तिथून काका सरळ संग्रहालयात गेले. अधिकारी बाईंनी सगळं ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती गोळी स्वतः बघितली, मग जुनी नोंद काढली. "सर खोटं बोलले नव्हते हे कशावरून, असं खजिनदार विचारणार," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "माझ्यावरून. मी लिहून देतो." हे लिहून दिल्यावर गावात कोण पुन्हा नाणं घेऊन खाली येणार, हा प्रश्न बाईंनी विचारला नाही, आणि काकांचा तो सकाळीच स्वतःला विचारून झाला होता.

शनिवारी दालन उघडलं. मधोमधच्या कपाटात दोन नाणी शेजारी शेजारी होती. लोक काचेपाशी आले तेव्हा काकू म्हणाल्या, "मला दिसत नाही. काय लिहिलंय ते वाच." कवळीकाकांनी वाचलं. सगळ्यांनी ऐकलं, खजिनदारांनीही. राजा लायसिमॅकसचं चांदीचं नाणं. चेहरा सिकंदराचा, नाव स्वतःचं. वजन सतरा ग्रॅमला थोडं कमी. शेजारचं ओतीव, अडतीस वर्षांपूर्वीचं. दोन्हींची अदलाबदल देणाऱ्याच्या नकळत झाली. शेवटची ओळ काकांनी जरा भरभर वाचली, "कडेला कानशीची खाच, अलीकडची, नकली समजून परीक्षकाने पाडलेली."

"परीक्षक कोण?" काकू म्हणाल्या.

सगळे काकांकडे बघू लागले.

"तू ना? मग तसं लिही. ते काय सांगायचे, नाव वाचा. वाचायला असलं तर पाहिजे."

अधिकारी बाईंनी कपाटाची किल्ली फिरवून पट्टी बाहेर काढली आणि आपलं पेन पुढे केलं. काकांनी 'परीक्षकाने' खोडलं. वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, जे गावात कोणी वापरत नव्हतं. थोडा वेळ पेन तसंच धरून राहिले आणि पुढे लिहिलं, 'सरांचा विद्यार्थी.' बाईंनी पट्टी पुन्हा आत ठेवली. खाडाखोड चांगली दिसत नाही, नवी लिहून द्या, असं त्या सोमवारी म्हणाल्या. पण ती तशीच राहिली.